मातीची हंडी घेऊ की बिडाची कढई?

गेल्या महिन्याभरात तिघींनी मला हेच विचारलं म्हणून एकदाचं नीट लिहिते. नॉनस्टिकचं कोटिंग निघायला लागलं की सगळ्यांच्या डोक्यात हेच दोन पर्याय येतात, मातीचं नाहीतर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि दोन्ही जुन्या पद्धतीचं म्हणून एकाच माळेत ओवलं जातं. पण स्वयंपाकात दोघांची कामं अगदी वेगळी आहेत.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे गॅस आहे की इंडक्शन? इंडक्शन असेल तर साधं मातीचं भांडं त्यावर तापतच नाही, बीड मात्र मस्त चालतं. तेव्हा निर्णय तिथेच झाला.

गॅस असेल तर तुमच्या घरी आंबट रस्सा किती होतो ते बघा. माझ्याकडे दोन लिटरची लाल मातीची हंडी आहे, तिच्यात मुख्य करून बांगड्याचं तिखलं होतं. कोकम, चिंच, टोमॅटो असलं काही बिडात जास्त वेळ ठेवलं की लोखंड उतरतं, रस्सा काळपट पडतो आणि चव कसनुशी होते. ते थोडंफार लोखंड पोटात गेलं तर वाईट नाहीच, उलट बऱ्याच बायकांना त्याची गरज असते, पण माशाच्या कालवणाची चव जाते त्याचं काय. मातीत ही भानगड नाही. शिवाय माती हळू तापते आणि तितकीच हळू निवते, त्यामुळे गॅस बंद केला तरी माझं तिखलं चारपाच मिनिटं कडेकडेने रटरटत राहतं, आणि झाकण उघडलं की तिरफळाचा जो वास येतो ना, तो मला स्टीलच्या टोपात कधीच आला नाही. फक्त मासा थोडा कमी शिजलेला असतानाच गॅस बंद करायचा, नाहीतर त्या उरलेल्या धगीत बांगडा फुटतो.

बिडाचं उलट आहे. त्याला चांगलं तापवायचं आणि मग त्याच्यावर घावन, आंबोळी, थालीपीठ, काचऱ्या, सुकी भेंडी, असलं सगळं टाकायचं. कडेला जी कुरकुरीत जाळी पडते ती मातीत मिळत नाही, मातीच्या तव्यावर माझं तरी घावन चिकटूनच बसलं. खान्देशातले मांडे खापरावर होतात आणि नागपूरकडची लंबी रोटी उपड्या मडक्यावर, हे खरंय, पण तो हात वेगळा आणि ती चूलही वेगळी, आपल्या दोन बर्नरच्या शेगडीवर ते जमेल असं समजून मातीचा तवा घेऊ नका.

फोडणीचंही तसंच. मातीत तेल कडकडीत तापवायला मला भीती वाटते, मी लोखंडी पळीत फोडणी करते आणि वरून ओतते.

आता तडकण्याबद्दल. माझी पहिली हंडी तीन आठवड्यांत गेली आणि चूक माझीच होती, आमटी उकळत असताना घट्ट वाटली म्हणून फिल्टरचं गार पाणी ओतलं, टक् असा आवाज आला आणि तळाला केसासारखी चीर गेली. तेव्हापासून पाणी नेहमी गरम घालते, आच मंदच ठेवते, आणि उतरवली की ओल्या ओट्यावर न ठेवता कापडाच्या चुंबळीवर ठेवते. बीड गॅसवर असं तडकत नाही सहसा, पण हातातून फरशीवर पडलं तर तेही फुटतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आणि जड किती! मनगट दुखत असेल तर विचार करून घ्या.

निगा दोघांनाही लागते. नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, वाळली की तांदळाची पेज मंद आचेवर उकळायची, मी दोनतीनदा करते. माती सच्छिद्र असते त्यामुळे साबण आत शिरतो, म्हणून गरम पाणी आणि नारळाची शेंडी एवढंच. धुतल्यावर पूर्ण वाळवायची, नाहीतर बुरशी येते, पावसाळ्यात तर मी दोन दिवस खिडकीतच ठेवते. बिडाचं सोपंय, धुवायचं, लगेच पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, बास.

आरोग्याचं म्हणाल तर मातीत शिजवलं की सगळीच्या सगळी जीवनसत्त्वं टिकतात वगैरे मेसेज फिरतात त्यांच्यावर जाऊ नका. जास्त वेळ शिजवलं की काही जीवनसत्त्वं कमी होणारच, भांडं कुठलंही असो. आणि रोजची डाळ तर कुकरलाच लावा, मातीत तासभर तरी जातो, रोज सकाळी डब्याच्या घाईत कोण थांबणार. चवीसाठी घ्यायची असेल तर मात्र जरूर घ्या.

तर माझं मत, एकच घेणार असाल आणि घरी भाज्या-पोळ्यांचाच स्वयंपाक जास्त असेल तर बीड घ्या. मासे, आमटी, सोलकढीवाल्या घरात हंडी आधी. आणि अजून मन होत नसेल तर आधी दह्यासाठी एक छोटं मडकं आणा, माती पाणी शोषून घेते त्यामुळे दही असं घट्ट लागतं की चमच्याने कापावं लागतं, आणि गॅसवर चढवायचंच नसल्यामुळे ते तडकायची भीती नाही.

घेताना बोटाने टिचकी मारून बघा, खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेलं, बद्द आला तर कच्चं किंवा चिरलेलं. काळं असेल तर ओल्या फडक्याने पुसून बघा, रंग सुटला तर ठेवून द्या. आतून चकचकीत रंगीत झिलई असलेलं शिजवायला अजिबात नको, काही झिलयांमध्ये शिसं असतं आणि आंबटाबरोबर ते अन्नात उतरतं. साधं, लाल, खरखरीत मडकंच मागा.