चुंबकी स्टार चार्ट: खोक्यावरचं मूल आणि घरातलं मूल

खोक्यावर केस नीट विंचरलेलं, दात घासताना हसणारं मूल. आत साधारण ए-३ आकाराचा चुंबकी फळा, सात वारांचे रकाने, छापील कामांच्या पट्ट्या, मूठभर चांदण्या आणि एक मार्कर. मुलाने काम केलं की त्या रकान्यात चांदणी, ठरलेल्या चांदण्या जमल्या की बक्षीस. हा संच घरात येतो तो बहुधा आईबाबा पार टेकीला आल्यावर, आणि महिन्याभरात कपाटावर जातो. फळा बरा आहे, घोळ पट्ट्यांचा आहे.

'शहाण्यासारखं वागणे', 'मोठ्यांचं ऐकणे' यांना चांदणी नेमकी कधी द्यायची? घरातल्या दोन मोठ्यांचंही त्यावर एकमत होत नाही. ही यादी आपल्याला हव्या असलेल्या मुलाची आहे, समोर थयथयाट करणाऱ्या मुलाची नाही. छापील पट्ट्या बाजूला ठेवा आणि कोऱ्या जागेत दिसेल-मोजता येईल असं लिहा: 'साडेसातला डबा दप्तरात.'

पहिला आठवडा चांदण्या नकोतच, नुसतं मोजा. बूट घालायला किती वेळा सांगावं लागलं, आदळआपट किती मिनिटं चालली. आठ वेळा सांगावं लागत असेल तर पुढच्या आठवड्याचं लक्ष्य 'पाच हाकांच्या आत', 'न सांगता' नव्हे. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली एक ढोबळ हिशोब देतात: स्वतःला आवरण्याची कुवत वयाच्या मानाने सुमारे ३० टक्के मागे धरा. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतकी अपेक्षा. ऐकायला जड जातं, पण तुलना मावशीच्या हुशार मुलाशी न होता गेल्या आठवड्याच्या आकड्याशी होऊ लागते. आमच्या मते या वस्तूचा खरा उपयोग मोठ्यांनाच आहे.

ओळी तीनच ठेवा: एक आजही जमणारी, एक अर्धवट जमणारी, एक अवघड. शाळेचे पाच दिवस धरले तर आठवड्याला १५ चांदण्या. त्यातल्या ८-९ मिळाल्या की बक्षीस. पंधराच्या पंधरा मागितल्या तर मंगळवारी एक हुकते आणि बुधवारी फळा जमिनीवर. चांदणी लगेच लावा आणि कशाबद्दल ते सांगा: 'दुसऱ्या हाकेला बूट घातलेस.' चार-पाच वर्षांच्या मुलाला शनिवार फार लांब असतो, त्याचं बक्षीस त्याच संध्याकाळी: एक जास्तीची गोष्ट, किंवा रात्री भाजी कुठली ते त्याने ठरवायचं.

लावलेली चांदणी काढायची नाही. सगळ्यात जास्त घरं इथेच चुकतात. 'काढून घेईन हं' म्हणणाऱ्या आजीलाही हे आधी सांगून ठेवा. रडारड सुरू झाल्यावर 'गप्प बस, चांदणी देते' ही तर लाचच, त्यातून मूल रडायला शिकतं. आणखी एक: थयथयाटाकडे लक्ष देणं बंद केलं की तो आधी काही दिवस वाढतो. मूल जुनीच किल्ली जोर लावून फिरवून बघत असतं. इथे घरचे कच खातात आणि ये रे माझ्या मागल्या.

फळा दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर नको, कपाटाच्या दाराच्या आत लावा.

वस्तूतले दोष. सुटे चुंबक धोक्याचे: दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात, तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर कागद आणि स्केचपेनच बरं. मार्कर आठवडाभर राहिला की डाग धरतो, सॅनिटायझरच्या बोळ्याने निघतो.

दीड महिना नीट चालवूनही आकडे हलत नसतील, किंवा मूल स्वतःला वा इतरांना इजा करत असेल, तर फळ्याच्या भरवशावर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारा विभाग) चौकशी करा; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. एडीएचडी असलेल्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण सुचवलं आहे, ते कुठे मिळतं हेही तिथेच विचारा.

पाचपैकी तीन चांदण्या. घ्यायचाच तर कोऱ्या पट्ट्यांचा घ्या, आणि फ्रिजवर लावायचा असेल तर आधी घरातलं एखादं चुंबक चिकटवून बघा. स्टीलच्या काही दारांना ते धरतच नाही.