दोन रुळांचे म्हणून विकलेले ‘क्रोकोडाइल’: ५६,१५० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

मॉडेल रेल्वेची तीन जुनी इंजिने विकत घेण्याच्या व्यवहारात माझे ५६,१५० रुपये गेले. त्यातील ९,३०० रुपये कोणा परराज्यातील माणसाच्या खात्यात गोठवून ठेवलेले आहेत आणि उरलेले ४६,८५० रुपये त्याच दिवशी काढून घेतले गेले. हा छंद जोपासणारी मराठी मंडळी मोजकीच आहेत, आपली बहुतेक खरेदी ओळखीतून किंवा समाजमाध्यमांवरील गटांतून होते, आणि फसलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो. मीही काही काळ गप्प बसलो. आता मात्र रकमांसकट सगळे लिहितो आहे, कारण तोच माणूस आजही सावज शोधत आहे.

विक्रेता तिशीतला असावा. बोलणे अस्खलित मराठी, वागणे नम्र, प्रत्येक वाक्यात ‘काका’. स्टुटगार्टला राहणारे त्याचे मामा वारले, मामींना घर रिकामे करायचे आहे, आणि मामांच्या संग्रहातील इंजिने जाणकार माणसाच्या हाती जावीत अशी त्यांची इच्छा आहे, असे त्याने सांगितले. स्टुटगार्टपासून ग्योपिंगन हे शहर फार लांब नाही. १८५९ साली स्थापन झालेली, मॉडेल रेल्वे बनवणारी मार्कलिन कंपनी तिथलीच. अशा भागात आयुष्य काढलेल्या माणसाकडे असा संग्रह असणे मला स्वाभाविक वाटले, आणि आजही ते स्वाभाविकच वाटते. कथा विचारपूर्वक रचलेली होती.

इंजिने होती तीन: जर्मन रेल्वेचे ०१ वर्गाचे वाफेचे इंजिन, १०३ वर्गाचे विद्युत इंजिन आणि स्वित्झर्लंडच्या गोठार्ड मार्गावरचे ‘क्रोकोडाइल’ (मगर) या टोपणनावाचे विद्युत इंजिन. तिन्ही एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाची. तिन्हींची मिळून किंमत ४८,००० रुपये, त्यातील निम्मी आगाऊ आणि निम्मी माल हाती आल्यावर. ‘फुकटात मिळते म्हणून धावलात’ असे जे मला ऐकवतात त्यांना सांगतो की हा दर अजिबात फुकटाचा नव्हता. नवे क्रोकोडाइल एकटेच चारशे-पाचशे युरोंच्या घरात जाते. जुन्या, ध्वनियंत्रणा नसलेल्या तीन इंजिनांना हा भाव जाणकाराला योग्यच वाटेल. नेमका योग्य भाव सांगणे हीच त्याची हुशारी होती.

क्रोकोडाइलवर माझा जीव होता, त्याचे कारण स्वित्झर्लंडमध्ये नाही, इथे आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने विद्युतीकरणानंतर भोर आणि थळ घाटांसाठी जी डब्ल्यूसीजी-१ इंजिने आणली, ज्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणत, ती या स्विस इंजिनाची जवळची नातलग. दोन्ही टोकांना लांब नाक, मधे खोली, चढणीवर जड मालगाड्या नेण्याचे काम. त्यांतील पहिली इंजिने तर विंटरथूरच्या, क्रोकोडाइल बनवणाऱ्या त्याच स्विस कारखान्यात बनली होती. खेकड्याचे तयार मॉडेल सहजासहजी मिळत नाही, म्हणून आपल्यापैकी अनेक जण क्रोकोडाइलवर समाधान मानतात. हे मी त्याला पहिल्याच संभाषणात सांगून टाकले. विक्रेत्याला आपली ओढ सांगू नका. तेवढ्या एका वाक्यावरून त्याला कळते की आपल्याला कुठवर ताणता येईल.

त्याहून घातक ठरली ती छंदांच्या खर्चाची तुलना. घरी आणि कचेरीत ‘खेळण्यावर एवढे पैसे?’ हा प्रश्न ऐकून ऐकून मी माझा हिशेब पक्का केलेला आहे. माझा एक सहकारी भिगवणला पक्षी टिपायला जातो, त्याची एक लेन्स सव्वा लाखाची आहे. दुसरा दर उन्हाळ्यात मोटारसायकलने लडाखला जातो आणि पेट्रोल, मुक्काम, दुरुस्ती धरून पन्नास हजारांच्या खाली परतत नाही. तिसऱ्याच्या गोल्फ क्लबाच्या सदस्यत्वाचा आकडा तर तो बायकोलाही सांगत नाही. त्या मानाने वर्षाकाठी एखादे इंजिन, थोडे रूळ, दोन सांधे आणि एखादी इमारत एवढ्यावर माझा छंद भागतो, आणि चांगले राखलेले इंजिन वीस वर्षांनंतरही चालते व विकले तर पैसे देते. हा हिशेब खरा आहे आणि मी तो आजही कोणापुढेही मांडीन. कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून लोक तिकीट काढून हाच छंद पाहायला येतात. ती काही पोरखेळाची जागा नव्हे.

पण त्या माणसाने माझाच हिशेब माझ्यापुढे ठेवला. मी दोन दिवस विचार करतो म्हटल्यावर तो म्हणाला, ‘काका, लोक एका सहलीत पन्नास हजार घालवतात. सहल संपते, इंजिन राहते.’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा उच्चारलेले आहे. ज्या छंदाची किंमत आपल्याला रोज कोणाला तरी समजावून सांगावी लागते, त्या छंदात आपली बाजू घेणारा पहिला माणूस आपल्याला लगेच आपलासा वाटतो, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना फसवणे सोपे जाते. मी घरी कोणाला न विचारता २४,००० रुपये पाठवले. विचारले असते तर आधी खर्चावरून वाद झाला असता, आणि तो टाळण्यासाठीच मी बोललो नाही. व्यवहार करण्यापूर्वी घरातल्या एका तरी माणसाला आकडा सांगा, वाद झाला तरी चालेल.

आता ज्या क्षणाची आठवण मला अजून झोपू देत नाही, त्याविषयी. माझी मांडणी दोन रुळांची, म्हणजे वीज फक्त दोन रुळांतून देणारी, १२ व्होल्ट डीसीची आहे. मार्कलिनची एचओ पद्धत तीन वाहकांची, एसीची. तिच्यात दोन्ही रुळांच्या मधोमध, स्लीपरांवर वीज देणारे बारीक खिळे असतात आणि इंजिनाच्या पोटाखाली त्यांना घासत जाणारी लांब पट्टी असते. या इंजिनांची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसतात, त्यामुळे ती दोन रुळांच्या मांडणीवर ठेवली की सरळ शॉर्ट सर्किट होते. डीसीसाठी मार्कलिनचीच ट्रिक्स ही वेगळी मालिका आहे. मी त्याला स्पष्ट विचारले होते आणि त्याने ‘दोन रूळ, डीसी, ट्रिक्स’ असे लेखी उत्तर दिले होते. मी चालते इंजिन दाखवणारी चित्रफीत मागितली, ती त्याने तासाभरात पाठवली. क्रोकोडाइल वळणावरून सावकाश येते, नाकाखालचे दिवे लागलेले आहेत, जोडदांडे फिरत आहेत. आणि रुळांच्या मधोमध, प्रत्येक स्लीपरावर, खिळे आहेत.

ते मला दिसले होते. मी चित्रफीत थांबवून, मोठी करून पाहिली होती. ज्या रुळावर ट्रिक्सचे इंजिन हलूसुद्धा शकत नाही, अशा रुळावर ते धावत होते, आणि हा फरक मी नवख्यांना इतकी वर्षे समजावत आलो आहे. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘मामांकडे दोन्ही पद्धती होत्या, हे रूळ जुने आहेत, मला यातले फारसे कळत नाही.’ इथे माझीही बाजू ऐकून घ्या. युरोपात दोन्ही पद्धती बाळगणारे संग्राहक खरोखर असतात; वारसाला तांत्रिक बाबी कळत नाहीत हेही नेहमीचेच; आणि मोबाइलच्या पडद्यावर खिळा आणि खडीचा दाणा यांतला फरक सांगणे अवघड असते. पण इंजिन ट्रिक्सचे असेल तर ते त्या रुळावर चालणारच नाही, या एका गोष्टीला कोणतेही स्पष्टीकरण लागू पडत नव्हते, आणि मी तरीही ती बाजूला सारली. तीच चित्रफीत एका परदेशी लिलावाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेली होती, हे मला नंतर शोधल्यावर सापडले. चित्रफीत पुरेशी नाही. इंजिन उलटे करून पोट दाखवायला सांगा, शेजारी तुमचे नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, आणि हे सगळे समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवर करायला लावा.

पुढचे टप्पे तुम्हाला ठाऊकच असतील. ‘मुंबई विमानतळ कस्टम्स’मधून बोलतो असे सांगणाऱ्याचा दूरध्वनी आला, राजमुद्रा छापलेले पत्र आले आणि १९,६५० रुपये सीमाशुल्क मागितले गेले. यावर माझा विश्वास बसला, कारण आपण सगळेच सीमाशुल्काला घाबरून असतो. खेळणी आणि लघुप्रतिकृती ९५०३ या शीर्षाखाली येतात. त्यांवरील मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. खरे म्हणजे त्या दराने ४८,००० रुपयांवर नुसते मूळ शुल्कच ३३,६०० रुपये होते, म्हणजे मागितलेली रक्कम कमी होती. कमी मागितली म्हणून मला संशय यायला हवा होता. मला वाटले की जुना माल म्हणून मूल्यांकन कमी धरले असेल. त्यानंतर आयएसआय प्रमाणपत्रासाठी म्हणून १२,५०० रुपये. २०२१ पासून खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचे झाले आणि त्यापायी पार्सले अडकल्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, म्हणून हेही खरे वाटले. परवाना उत्पादकाला मिळतो, एखाद्या ग्राहकाच्या पार्सलासाठी दूरध्वनीवरून प्रमाणपत्र विकले जात नाही. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. माझ्या पत्रावर तो नव्हता. टपालाने आलेल्या मालाचे शुल्क टपाल खात्याकडे भरायचे असते. कोणाच्याही बचत खात्यात, कोणाच्याही यूपीआयवर ते भरायचे नसते. चौथ्यांदा ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून १५,००० रुपये मागितले तेव्हा माझ्या मुलीने माझा मोबाइल हातातून घेतला, आणि तिथे ते थांबले.

यानंतर जे झाले त्याचा संताप मला फसवणाऱ्यापेक्षाही अधिक आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर मी लगेच दूरध्वनी केला. बराच वेळ ताटकळल्यावर तक्रार नोंदवली गेली, आणि तिच्यामुळेच ते ९,३०० रुपये अडवले गेले, हे मान्य करतो. फसवणूक लक्षात येताच पहिला तास वाया घालवू नका. संभाषण पुसू नका. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. पण पुढे सगळी दारे बंद. बँकेने सांगितले की तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही आणि बँकेची काही जबाबदारी नाही. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते कोणी, कोणत्या कागदांवर उघडले, हे विचारल्यावर ‘गोपनीयता’ हा एकच शब्द मिळाला. माझे पैसे त्या खातेदाराच्या हाती जाताना कोणाला कसलाच नियम आठवला नव्हता.

पोलीस ठाण्यात अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘नातवासाठी घेतलीत का खेळणी?’ मी नाही म्हटल्यावर त्याने शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिले आणि दोघे हसले. सव्वा लाखाची लेन्स चोरीला गेली असती तर ते हसले नसते. मला सांगण्यात आले की हा खरेदी-विक्रीतला दिवाणी वाद आहे, खाते परराज्यातले आहे, साधा अर्ज देऊन ठेवा. खोट्या नावाने, खोट्या सरकारी पत्राच्या आधारे पैसे उकळणे हा दिवाणी वाद कसा होईल? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड हे कलम तोतयेगिरीसाठी आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय आहे. मी कलमांचा कागद पुढे केला, तर ‘वकिलाला घेऊन या’ असे उत्तर मिळाले. गुन्हा नोंदवून घ्यायला वकील कशाला लागतो, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. तरीही तुम्ही कलमे लिहूनच न्या, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

गोठवलेल्या ९,३०० रुपयांचा फेरा तर वेगळाच आहे. बँक म्हणते न्यायालयाचा आदेश आणा. न्यायालयात सांगतात पोलिसांचा अहवाल आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नोंदलेला नाही तर अहवाल कसला देणार. तीन कचेऱ्यांपैकी कोणीही नकार देत नाही आणि कोणीही काम करत नाही. माझे स्वतःचे पैसे, कोणत्या खात्यात आहेत हे सगळ्यांना माहीत असलेले, मला परत मिळत नाहीत. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे मी लेखी तक्रार दिली आहे आणि उत्तर न आल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.

दरम्यान त्याच छायाचित्रांसह नवी जाहिरात फिरू लागली आहे. आता मामा स्टुटगार्टचे नसून आजोबा झुरिकचे आहेत आणि भाव ५२,००० रुपये झाला आहे. हिरव्या क्रोकोडाइलच्या पुढच्या डाव्या बफरचा रंग उडालेला आहे, १०३ चे खोके निळे असून त्याचा एक कोपरा चेपलेला आहे, आणि ०१ च्या छायाचित्रात मागे लाकडी कपाटाची पितळी मूठ दिसते. ही छायाचित्रे कोणाच्या पाहण्यात आली तर आगाऊ रक्कम म्हणून एक रुपयाही पाठवू नये, आणि ज्यांनी आधीच पाठवली असेल त्यांनी आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, म्हणजे माझ्या अर्जाला ‘एकट्याचा दिवाणी वाद’ म्हणता येणार नाही.