आई-वडिलांना नदीस्नानाला न्यायचंय: रामकुंड, नरसोबाची वाडी की वाई?

घरातली वडीलधारी मंडळी "एकदा तीर्थावर आंघोळ घडव" म्हणाली की बहुतेकांच्या तोंडी आधी नाशिक येतं. त्यात गैर काही नाही. पण स्नान कशासाठी, गुडघे कितपत साथ देतात आणि महिना कोणता, एवढं आधी बघा.

श्राद्ध, तर्पण किंवा अस्थिविसर्जन करायचं असेल तर फार खल नको, नाशिकचं गोदावरीवरचं रामकुंडच. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी श्रद्धा आहे, आणि कुंडातच अस्थिविलय तीर्थ आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भागही इथे विसर्जित झाला. गुरुजी, पिंडांचं साहित्य, न्हावी, सगळं हाताशी मिळतं. शिवाय तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी त्या घराण्याची वही काढतात, आणि नशीब असेल तर पणजोबा कोणाला घेऊन आले होते तेही तिथे लिहिलेलं सापडतं. माझं विचाराल तर स्नानापेक्षा वडीलमाणसं त्या वहीवरच जास्त रमतात. निघताना आपली नावं घालून घ्यायला विसरू नका.

कुंड बांधीव असल्याने वरच्या पायरीवर बसून तांब्याने आंघोळ उरकता येते, ही मोठी सोय. मात्र शांतता मागू नका. एका बाजूला दशक्रिया, दुसऱ्या बाजूला भाजीबाजार. दक्षिणा आधीच ठरवा. कपालेश्वर समोरच आहे, नंदी नसलेलं शिवमंदिर म्हणून त्याची ख्याती. पण चढ बघून मगच ठरवा, खालून हात जोडले तरी महादेव रागावत नाही.

विधी काही नाही, नुसतं स्नान आणि दर्शन हवं असेल तर मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या नरसोबाच्या वाडीचं नाव घेईन. कृष्णा-पंचगंगेचा संगम, रुंद घाट आणि घाटाला लागूनच औदुंबराखाली दत्तगुरूंच्या मनोहर पादुका. ओल्या अंगाने चार पावलं टाकली की दर्शन. रिक्षा नाही, गल्लीबोळ नाहीत. दत्ताचे अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती इथे बारा वर्षं राहिले असं मानतात. जवळचं रेल्वे स्टेशन जयसिंगपूर. दत्तजयंती आणि एकूणच पौर्णिमा टाळलेली बरी. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी खराब असल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळे दिवाळी ते माघ हा काळ उत्तम. आचमनाला मात्र घरून आणलेलं पाणीच वापरा. रामकुंडावरही तेच करा.

पावसाळ्यात वाडीला पाणी देवळात शिरतं. उत्तरेच्या दारातून येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावतात. श्रद्धा कितीही असली तरी सत्तरीच्या माणसाला त्या रेटारेटीत आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर नेऊ नका.

सातारा जिल्ह्यातली, कृष्णाकाठची वाई बघायला तिघांत देखणी. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलं आणि मागची भिंत होडीच्या नाळेसारखी निमुळती ठेवली, पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून. भिंतीला वळसा घालून मागून बघा, तेव्हा ती हुशारी कळते. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. पण कृष्णा इथे अजून लहान आहे. उन्हाळ्यात पाणी उथळ आणि साचलेलं. बसायला, बघायला वाई, स्नानाला नाही. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव हिवाळ्यात असतो, तेव्हा गेलात तर घाट घरच्या कार्यासारखा गजबजलेला दिसेल.

कुठेही जा, पंचांगासोबत धरणाचा विसर्ग बघा. नाशिकला गंगापूर, वाईला धोम, वाडीला कोयना आणि राधानगरी. ऊन पडलेलं असतानाही पायऱ्या बुडू शकतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूरपट्टी: पाणी त्याच्या पायाशी, कमरेला की छातीला, यावर पूर मोजतात. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची शाही स्नानं, म्हणजेच पर्वण्या, आहेत. म्हाताऱ्यांना पर्वणीच्या दिवशी नेण्याचा हट्ट नको. सिंहस्थ वर्षभर चालतो, रामकुंडावरचं गंगा-गोदावरीचं देऊळही त्या काळातच उघडं असतं. दोन पर्वण्यांच्या मधला एखादा साधा वार गाठा आणि सकाळी लवकर उरका.