गृहकर्जाचं ओव्हरड्राफ्ट खातं: दोन पावसाळे वापरल्यानंतर

खातं चांगलं आहे. पण सगळ्यांसाठी नाही, आणि बँकवाले जे कारण सांगून ते गळ्यात मारतात त्या कारणासाठी तर नाहीच नाही. कर्ज लवकर फेडायचंय, पण घरखर्च दर महिन्याला सारखा नसतो, अशा घरात हे कसं चालतं ते लिहिते.

आम्ही २०२४च्या उन्हाळ्यात बेळगावात अनगोळला स्लॅबचं जुनं घर घेतलं. कर्ज २५ लाख, मुदत २० वर्षं. हे उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, मी खासगी शाळेत शिक्षिका. पगार ठरलेले, पण ह्यांचा ओव्हरटाइम कारखान्याला ऑर्डर असेल तसा. एका महिन्यात हातात बरे पैसे, पुढच्या महिन्यात ओढाताण. साध्या कर्जात जास्तीचे पैसे भरले की भरले, ते परत मिळत नाहीत. म्हणून तिथे भरायला हात आखडतो आणि पैसा बचत खात्यात पडून राहतो. ओव्हरड्राफ्टमध्ये कर्जाचं खातंच चालू खात्यासारखं वापरता येतं. हप्त्याशिवाय त्यात जे ठेवाल तेवढ्या रकमेवर त्या दिवसापासून व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर ते काढता येतं.

ॲप उघडलं की मात्र छातीत धस्स होतं, कारण शिल्लक कायम उणे दिसते. सासूबाईंनी उणे चोवीस लाखांचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, “अगं, पगार जमा झाला म्हणतेस, आणि हे तर वजाच दाखवतंय की!” त्यांना समजावता समजावता मलाच नीट समजलं. स्टेटमेंटमध्ये तीन आकडे बघायचे. एक मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती उचल ठेवता येते, जी दर महिन्याला हप्त्यातल्या मुद्दलाएवढी खाली येते. दुसरा बाकी, म्हणजे आज प्रत्यक्षात किती देणं आहे. या दोहोंतला फरक तो तिसरा, उपलब्ध रक्कम. तो आपला ठेवलेला पैसा. महिनाअखेरीला व्याजाची नोंद पडते ती बाकीवर, रोजच्या हिशेबाने. मी महिन्यातून एकदा फक्त ती व्याजाची ओळ बघते. बाकीच्या नोंदी बघत बसलं तर डोकं उठतं.

आता खर्चाची बाजू. याचा दर साध्या कर्जापेक्षा जास्त असतो. आम्हाला साधं कर्ज ८.५ टक्क्यांनी मिळत होतं, हे ८.७५ ने मिळालं. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण २५ लाखांवर तो वर्षाला ६,२५० रुपये होतो. तेवढे भरून निघायला खात्यात वर्षभर सरासरी सत्तर-बहात्तर हजार रुपये पडून राहायला हवेत. त्याच्या वर जे राहील तो फायदा.

“तुमचा पगार नुसता या खात्यात येऊ द्या, व्याज आपोआप वाचतं,” असं शाखेत सांगतात. हिशेब करून बघा. महिन्याला साठ हजार आले आणि महिनाअखेरपर्यंत संपले, तर सरासरी शिल्लक तीस हजारांच्या आसपास. त्यावर वर्षाचं व्याज वाचतं २,६०० रुपये. म्हणजे पाव टक्क्याचे ६,२५० देऊन २,६०० मिळवायचे! ज्यांचा पगार येतो आणि जातो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. साधं कर्ज घ्यावं, स्वस्त पडेल.

आमचं जमलं ते ठोक पैशांमुळे. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून इथे टाकली. ठेवीला सात टक्के मिळत होते, इथे पावणेनऊ वाचायला लागले. मुलांच्या फीसाठी वर्षभर साठवतो ते पैसे जूनपर्यंत इथेच असतात. ह्यांचा दिवाळीचा बोनस इथे. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, बंद केली. बेळगावात दारात येणाऱ्या पिग्मीवाल्याला नाही म्हणणं किती अवघड असतं ते इथल्या बायकांना सांगायला नको, तो घरचाच असल्यासारखा झालेला असतो. पण वीस-पंचवीस रुपये रोज बाजूला काढायची सवय आम्हाला लागलेलीच होती, तिच्यासाठी वेगळा माणूस लागत नव्हता. सासूबाईंची भिशी मात्र चालू आहे. त्यात हात घालायची माझी हिंमत नाही. नंबर लागला की ती रक्कम त्या स्वतः म्हणतात, “टाक तुझ्या त्या वजा खात्यात.”

कर्नाटकात राहण्याचे काही फायदे याच हिशेबात येतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, त्यामुळे माझा शाळेला जायचा-यायचा खर्च शून्य. राज्याच्या गृहज्योती योजनेमुळे विजेचं बिल शून्य येतं. पण वापर सरासरीत आणि २०० युनिटच्या आत राहिला तरच. एप्रिल-मेमध्ये कूलर लावला आणि २०० च्या वर गेलं की अख्खं बिल अंगावर. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार आम्हाला मिळत नाहीत, नवरा-बायकोपैकी कुणी आयकर भरत असेल तर मिळत नाहीत असा नियम आहे. जे वाचतं ते मी महिन्याच्या सुरुवातीलाच खात्यात टाकते. शेवटी उरेल ते टाकू म्हटलं तर उरत नाही, हे काय सांगायचं.

आमचे धाकटे भावजी कोल्हापुरात राहतात. त्यांनी त्याच सुमारास तेवढंच कर्ज साध्या पद्धतीने घेतलं. २५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के, हप्ता २१,६९६. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं ३,९८८. वर्षभर हप्ते भरून बाकी कुठे आली? साडेचोवीस लाखांवर. हे बघून त्यांनी जमवलेले एक लाख उचलून भरले. बँकेने हप्ता कमी करून दिला, २०,८१० च्या आसपास. भावजी खूश. सणाला आले तेव्हा आम्ही दोघं जेवणानंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हप्ता कमी केला तर त्या एका लाखामुळे पुढच्या १९ वर्षांत व्याज वाचतं साधारण एक लाख. तेच हप्ता जुनाच ठेवून मुदत कमी केली असती तर शेवटचे २१ हप्ते गळाले असते, आणि वाचणारं व्याज होतं साडेतीन लाखांच्या वर. पैसा तोच, बँक तीच, अर्जावरची एक ओळ वेगळी. त्यांनी नंतर अर्ज देऊन मुदत कमी करून घेतली. कुणीही आगाऊ भरणार असाल तर अर्जावर ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहा आणि पोचपावती घ्या. न लिहिल्यास शाखा तिच्या सोयीचं करते.

मग भावजींच्या पद्धतीपेक्षा आमचं खातं सरस का? व्याजाच्या गणितात नाही. पडून राहिलेला पैसा आणि भरून टाकलेला पैसा सारखंच व्याज वाचवतात, उलट आमचा दर पाव टक्का जास्तच. फरक कळला तो पहिल्याच पावसाळ्यात. बेळगावचा जुलै म्हणजे काय असतो ते इथल्यांना माहीत आहे, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गच्चीतून मुलांच्या खोलीत पाणी उतरायला लागलं. पाऊस उघडल्यावर गच्ची खरवडून, वॉटरप्रूफिंग करून, वर पुन्हा उतार काढून कोबा करायचा, म्हणजे लाखाच्या आतबाहेर खर्च. साधं कर्ज असतं आणि सगळी शिल्लक त्यात भरून टाकलेली असती, तर माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या असत्या. इथे खात्यातून पैसे काढले, मिस्त्रीला दिले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत परत भरले. नवं कर्ज नाही, कुणापुढे हात पसरणं नाही, प्रोसेसिंग फी नाही. माझ्या मते या खात्याचे जास्तीचे पाव टक्के म्हणजे या सोयीची किंमत. ती आपल्या घराला परवडते का एवढंच बघायचं.

धोकाही याच सोयीत आहे. उपलब्ध रक्कम दोन-अडीच लाख दिसायला लागली की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सुचतं. मुलाला लॅपटॉप, ह्यांना गाडी बदलायची असते. गणपतीच्या आधी तर विचारूच नका. म्हणून आम्ही एटीएम कार्ड घेतलंच नाही आणि यूपीआय त्या खात्याला जोडलं नाही. घरखर्चाचे पैसे महिन्यातून एकदा बचत खात्यात वळवायचे, दूध, किराणा, गॅस, भाजी सगळं तिथून. आणि वर्षातून दोनदा, जूनमध्ये फी भरून झाल्यावर आणि दिवाळीनंतर, जे लागलं नाही त्यातला मोठा भाग अर्ज देऊन कायमचा मुद्दलात वळवायचा, म्हणजे मर्यादाच खाली येते. मग तो पैसा परत काढता येत नाही, आणि तेच तर हवं असतं. हातात ठेवायची रक्कम आम्ही सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एवढी धरली आहे. ह्यांच्या कारखान्यात काम मंदावलं तर तेवढं पुरेल.

दर कमी होण्याचाही फायदा मिळाला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५ वरून ५.२५ वर आणला. आमचं कर्ज रेपोला जोडलेलं, त्यामुळे दर टप्प्याटप्प्याने ७.५ वर आला. लगेच नाही हं, तिमाहीला दर बदलतो, त्यामुळे बातमी आली की दुसऱ्या दिवशी बँकेत धावू नका. मी हप्ता कमी करून घेतला नाही. २५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज ७.५ ने घेतलं तर हप्ता २०,१४० बसतो, आम्ही जुनाच २२,०९३ भरतो. त्या दोन हजारांनी घर चाललंच होतं, आता हातात आले असते तर कुठे गेले ते कळलंही नसतं. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं जुनं बदलत्या दराचं कर्ज ज्यांचं आहे त्यांनी ते अजून कशाला जोडलेलं आहे ते एकदा विचारावं. तेव्हापासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं सक्तीचं झालं, जुनी आपोआप बदललेली नाहीत.

“कर्ज ठेवा, टॅक्स वाचतो,” हा सल्ला स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतो. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट आहे, खरं. पण नव्या पद्धतीत ती नाही, आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच बसत नाही. आमच्यासारख्यांना व्याज भरून कर वाचवण्याचा प्रश्न उरलेला नाही. जुन्या पद्धतीत असाल तर एक लक्षात ठेवा, ओव्हरड्राफ्ट खात्यात नुसता ठेवलेला पैसा ८०सीच्या वजावटीत मुद्दलाची परतफेड म्हणून धरत नाहीत.

आगाऊ फेडीचा दंड हा आपल्याकडचा खास प्रश्न. बँकांना बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर असा दंड लावायला २०१२ पासून मनाई आहे. पण बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठेही जा, गल्लोगल्ली पतपुरवठा करणाऱ्या सहकारी सोसायट्या आहेत, आणि ओळखीपाळखीवर घरासाठी कर्ज तिथूनच काढणारे खूप. कर्नाटकातल्या सौहार्द सोसायट्या १९९७ च्या राज्याच्या कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्यांना लागू नाहीत. तिथे दंड किती, व्याज घटत्या बाकीवर की पूर्ण रकमेवर, हे सही करण्याआधी कागदावर वाचून घ्यायचं. कागद कन्नडमध्ये असेल आणि कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून वाचून घ्या. यात लाजायचं काही नाही, आम्ही खरेदीखताच्या वेळी तेच केलं.

तक्रारी म्हणाल तर, आमच्या शाखेत या खात्याची पूर्ण माहिती असलेला एकच माणूस होता, त्याची बदली झाली. मर्यादा कमी करायच्या अर्जाचं काय करायचं ते नव्या साहेबांना माहीत नव्हतं, बरेच हेलपाटे पडले. कर्ज मंजूर होताना एकरकमी हप्त्याचा विमा ‘घ्यावाच लागतो’ म्हणून पुढे केला होता. तो सक्तीचा नसतो. आम्ही ह्यांचा साधा टर्म विमा वेगळा काढला, स्वस्तात पडला.

पाचपैकी चार देईन. खातं उघडायच्या आधी शाखेत तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा: साध्या कर्जापेक्षा दर नक्की किती जास्त, ठेवलेल्या रकमेवर व्याज रोजच्या बाकीने मोजतात का, आणि मर्यादा कमी करायला अर्ज दिला तर किती दिवसांत होते. तिसऱ्याचं उत्तर तोंडी मिळालं तर त्यावर विसंबू नका.