उणे चाळीस डिग्रीचं नाशिक आणि माझे ४४,००० रुपये

४४,००० रुपये. त्यातले १५,००० यूपीआयने पाठवले, २९,००० रोख मोजून दिले आणि वर त्या माणसाला ‘थँक यू’ म्हणून हात मिळवून आलो. गाडीला झालं होतं काय? थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेच्या जागी, कार्बन आणि एक चिरलेली रबरी नळी. सिन्नरच्या मेस्त्रीने नंतर तेच काम ८५० रुपयांत संपवलं. लिहिताना आजही कान गरम होतात. पण गप्प बसलो तर उद्या त्या खुर्चीत तुमच्यातलाच कोणीतरी बसलेला असेल.

गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक. नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभं राहिलं की आरपीएमचा काटा ८००वरून ५००वर यायचा, स्टीअरिंग थरथरायचं आणि गाडी बंद. परत चालू केली की रेस आपोआप वर-खाली, वर-खाली. मागून हॉर्नचा मारा, शेजारी सासरे. ‘विकून टाका आता ही,’ ते म्हणाले. नेहमीचा मेस्त्री नेमका गावाला गेलेला. म्हणून पाथर्डी फाट्याकडच्या एका चकचकीत गॅरेजात गाडी नेली. काचेची केबिन, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, पोरांच्या अंगावर युनिफॉर्म. नाव लिहीत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे.

तिथल्या पोराने स्कॅनर लावला आणि मालकाने टॅब माझ्यासमोर धरला. ‘हे बघा साहेब. कूलंट टेंपरेचर उणे चाळीस! आपण नाशकात आहोत का लडाखला? कॉम्प्युटरच येडा झालाय. ईसीएम गेला.’ (ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव.) आणि मी हसलो. चक्क हसलो, आणि घरी दाखवायला म्हणून त्या स्क्रीनचा फोटोही काढला.

तो उणे चाळीसचा आकडा अजून झोपेत दिसतो. कूलंटचा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. गार असला की त्याचा रोध जास्त, इंजिन तापलं की कमी. त्याची पिन कोणी उपटली तर सर्किट तुटतं, ईसीएमला वाटतं की बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि आकडा स्केलच्या तळाला, म्हणजे उणे ४०ला, जाऊन बसतो. थोडक्यात, कॉम्प्युटर ठणठणीत होता. मी केबिनमध्ये चहा पीत असताना बॉनेटखाली कोणीतरी पिन काढली होती. थंडी समजून ईसीएमने जास्तीचं पेट्रोल सोडलं, सायलेन्सरमधून काळा धूर आला, आणि तोही मालकाने मला पुरावा म्हणून दाखवला! माझ्याच फोटोत कोपऱ्यात दोन कोड स्वच्छ वाचता येतात. पी ०५०५ म्हणजे आयडल कंट्रोलची, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता इंजिन चालू ठेवण्याची, तक्रार; ती खरी होती, आम्ही त्यासाठीच आलो होतो. पी ०११८ म्हणजे कूलंट सेन्सरचं सर्किट. ते त्यांनी उभं केलेलं. ईसीएमच्या प्रोसेसरचा कोड वेगळा असतो, पी ०६०६. तो कुठेच नाही. स्कॅनरवर कोड दिसला की आधी फोटो काढा आणि घरी जाऊन तो कोड शोधा. पैशाचं नंतर बघा.

आणि एक. मेलेला माणूस स्वतःचा ताप सांगत नाही. जो ईसीएम स्कॅनरशी बोलतोय, आरपीएम दाखवतोय, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर उघडतोय, तो ‘गेला’ कसा? ईसीएम कधी जातच नाही असं नाही. पुराचं पाणी शिरलं, कोणी बॅटरी उलटी जोडली तर जातो. आमच्या गाडीला यातलं काहीच झालेलं नव्हतं.

मला कोणी म्हणेल की एवढं कळायला हवं होतं. कसं कळणार? मी कॉमर्सवाला, आयुष्य लेजर तपासण्यात गेलं. समोरचा माणूस मशीन लावून आकडा दाखवतो, त्यावर कोण शंका घेईल? ‘नेहमीच्या मेस्त्रीची वाट बघू या,’ असं बायको म्हणाली होती, हेही लिहून टाकतो. नाहीतर ती लिहील.

बिल असं: ईसीएम ३१,२००. कोडिंग ३,५००. ऑक्सिजन सेन्सर ५,८५०. इंजेक्टर क्लीनिंग २,४००. मजुरी १,८००. एकूण ४४,७५०. ‘साहेबांसाठी’ ७५० सोडले, पण रोख द्या म्हणाले. जीएसटीचं पक्कं बिल नाही, लेटरहेडवर पेनाने लिहिलेला कागद. ॲडव्हान्सचे १५,००० तर गॅरेजच्या नावावर गेलेच नाहीत, भलत्याच बाईच्या खात्यावर गेले. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचत जा!

ऑक्सिजन सेन्सरची तर चोरी माझ्या डोळ्यांदेखत झाली. धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर चांगला असेल तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या दरम्यान सारखं नाचत असतं. मला स्क्रीनवर सरळ रेघ दाखवली, ‘मेला बघा.’ इंजिन नुकतंच चालू केलेलं होतं. हा सेन्सर ३०० डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय कामच करत नाही, आणि तोवर ईसीएमही त्याच्याकडे लक्ष देत नाही. गार गाडीवर दाखवलेला कुठलाही ग्राफ मान्य करू नका. दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, मग बघा.

जुना पार्ट मागायचा असतो हे मला ठाऊक होतं. मागितलाही. जुना ईसीएम म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ॲल्युमिनियमची डबी मिळाली, ती डिकीत टाकली आणि विसरलो.

गाडी काही आठवडे बरी चालली, कारण त्यांनी इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, वरवर स्प्रे मारला असणार. मग द्वारकेला पुन्हा तेच. यावेळी मामेभावाच्या ओळखीने सिन्नरला नेली. त्या मेस्त्रीने स्कॅनर आधी लावलाच नाही. एअर फिल्टरचा पाइप काढला, टॉर्चचा उजेड आत मारला आणि मला वाकून बघायला लावलं. झडपेच्या कडेला काजळीचा चिकट काळा थर, बोट लावलं तर निघेना.

‘दादा, पाय ॲक्सिलेटरवर नसला की ही झडप बंद. इंजिन जगतं या बाजूच्या भोकातून येणाऱ्या हवेवर.’ ते भोक एक बारकी मोटर कमी-जास्त उघडते. एसी लावला की ईसीएम ते जास्त उघडतो, मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा, दाब मोजणारा सेन्सर हवा वाढल्याचं कळवतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा राहतो. आयडलला हा वेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा. आता भोकच बुजलं असेल तर मोटरने काय करायचं? एसीचा लोड आला की काटा खाली. त्यात ती चिरलेली नळी ईसीएमच्या ताब्यात नसलेली हवा आत घेत होती, म्हणून रेस वर-खाली. नव्या गाड्यांत झडपच मोटरने हलते, वेगळं भोक नसतं, पण कार्बन तिथेही साचतो.

टूथब्रश, क्लीनरचा डबा, नवी नळी. सगळं परत बसवून त्याने आयडल पुन्हा शिकवलं. साफ केल्यावर ते बऱ्याचदा लागतं, नाहीतर रेस चढी राहते आणि तुम्हाला वाटतं काम बिघडलं.

मग मी ‘नव्या’ ईसीएमची गोष्ट काढली. तो काही बोलला नाही, टॉर्च ब्रॅकेटवर धरली. चारही बोल्टांच्या खाचांत धूळ आणि तेल मिळून झालेली वर्षांची पुटं, आणि कनेक्टरच्या खिटीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं, अखंड. ‘इथे पाना लागलेलाच नाही.’ डिकीतली डबी काढली. माझ्या ईसीएमला एक सॉकेट, त्या डबीला दोन. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची. ऑक्सिजन सेन्सरही जुनाच, गंजलेला.

पुढचा तमाशा याहून भारी. चौकीत गेलो. ‘बिल तुमचं, पैसे तुम्ही दिले, जबरदस्ती झाली का? मग हे दिवाणी.’ न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं म्हणजे फसवणूक नाही तर काय? ४२० लावा म्हटलं, तर हवालदार साहेब मलाच शिकवायला लागले की ४२० आता राहिलं नाही, नवीन कायद्यात ३१८ आहे. बरं, मग ३१८ लावा! तर म्हणे ‘गॅरेज आमच्या हद्दीत नाही.’ दुसऱ्या चौकीत म्हणे ‘तुम्ही राहता तिकडे जा.’ शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला, त्यासाठीही तासभर बाकड्यावर. परिवहनवाल्यांनी तर अर्ज वाचलाच नाही. गॅरेजशी आमचा संबंध येत नाही म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजने एका ओळीचं उत्तर दिलं, ‘ग्राहकास समाधानकारक सेवा दिली आहे’, आणि मला मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली? मला एक फोन नाही! पक्क्या बिलाशिवाय धंदा चालतो हे जीएसटीवाल्यांना कळवलं, त्याची तर पोचही नाही. ईसीएम बदललेला नाही एवढं दोन ओळींत लिहून द्या म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तोंडी सगळे मान्य करतात, कागद म्हटलं की ‘मॅनेजर रजेवर आहेत.’

मग जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सिन्नरच्या मेस्त्रीने प्रतिज्ञापत्र दिलं, आणि पाना लावण्याआधी काढलेले जाळ्याचे फोटो जोडले. हे फोटो गाडी दुसऱ्याच्या हातात देण्याआधीच काढा, पाना लागल्यावर पुरावा संपतो. फोनला जोडायचा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, तो घेऊन ठेवा. गॅरेजात स्कॅन चालू असताना केबिनमध्ये बसू नका, चहा बॉनेटशेजारी उभं राहून प्या.

नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला. ‘साहेब, गैरसमज झालाय. ५,००० परत देतो, फक्त ती जुनी डबी आणून द्या, आमच्या स्टॉकमध्ये धरायची आहे.’ मी ती आणखी एका पिशवीत घालून, वर तारीख लिहून, कपाटात कुलपात ठेवली आहे.