बुटाइल टेप: मॅटाडोरचं गळणं थांबलं एकदाचं

आमची १९८९ ची मॅटाडोर, कॅम्पर करून घेतलेली, दर पावसाळ्यात टेललाइट आणि कॅरिअरच्या बोल्टातून गळायची, गेल्या वर्षी इगतपुरीला असा धो धो लागला की सकाळी गादी अक्षरशः पिळून काढली. आधी एका गॅरेजवाल्याने वरून नुसतं सिलिकॉन थापलेलं, ते सुटलं आणि खाली पत्रा गंजलेला!

यंदा बुटाइल टेपचा, म्हणजे फटी बुजवायच्या मऊ, चिकट रबरी पट्टीचा रोल आणून घरीच बसलो. खरी मेहनत साफसफाईची, जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा कारण जरा जरी राहिलं तरी त्यावर काही धड चिकटत नाही, गंज घासून प्राइमर मारा, सुकला की टेप. बोल्टाच्या भोकाभोवती वेगळी वळी करून लावली. आवळलं की कडेने काळा लगदा बाहेर येतो, घाई करून कापू नका, दोन दिवसांनी परत आवळा मगच कापा. हा कडक होत नाही, गाडी हादरली तरी सोबत हलतो, हेच आवडलं.

परवा त्र्यंबकला भर पावसात जाऊन आलो, आत टिपूस नाही.

चार स्टार. एक कापला कारण हाताचा चिकटा रॉकेलनेच निघाला आणि घरातला चांगला टॉवेल गेला, त्यावरून अजून ऐकतोय.