मदरबोर्ड दुरुस्त झाला म्हणे!

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. मदरबोर्ड रिपेअर ३,५००. नवीन एसएसडी (फायली साठवणारी झटपट डिस्क) ५१२ जीबी ४,२००. विंडोज १,५००. खाली ९,२०० भोवती गोल. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल जाय जाल्यार अठरा टक्के वयर पडटले, वहिनी" (बिल हवं तर अठरा टक्के कर वर पडेल). त्या तिन्ही ओळी खोट्या निघाल्या. गणेशचतुर्थीच्या तोंडावर गोव्यात आमच्या फोंड्याकडे घरबसल्या छपाईची कामं करणाऱ्यांची किती धावपळ असते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि असली दुकानं त्या धावपळीवरच पोसली जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी घरी टायपिंग आणि मांडणी करते. गावच्या मंडळाच्या नाटकाची संहिता, देवळातल्या उत्सवाच्या पत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं. २०२४ च्या पावसाळ्यात कॉम्प्युटरने त्रास द्यायला सुरुवात केली. वर्ड चालता चालता गायब. थोड्या वेळाने क्रोम. मग पीडीएफ उघडलेली असेल तर तीही. काही सूचना नाही, निळा पडदा नाही, मशीन चालूच. फक्त समोरची खिडकी नाहीशी. लाईट गेल्यामुळे असेल म्हणावं तर यूपीएस आहे. अँटीव्हायरसने तपासलं, काही सापडलं नाही.

दुकानदाराने मशीन उघडलंही नाही. चालू केलं, एक प्रोग्राम बंद पडताना पाहिला आणि निकाल दिला, "मदरबोर्ड इबाडला" (आतलं मुख्य सर्किट बिघडलं). हार्ड डिस्कही जायच्या मार्गावर आहे, आताच बदललेली बरी, म्हणाला. मशीन ठेवून घेतलं. त्यानंतर रोज "फाल्यां दितां" (उद्या देतो). पत्रिकेचा मजकूर अडकलेला, देवस्थानचे लोक फोन करताहेत, अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मशीन घरी आलं. सुरू व्हायला पूर्वीपेक्षा झटपट, त्यामुळे घरात सगळे खूश. संध्याकाळी वर्ड बंद पडलं.

माझा भाचा वेर्ण्याला नोकरीला आहे, रविवारी आला. आधी त्याने टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान दाखवलं: आठ जीबी, दोन खाचांपैकी एक वापरात. माझ्या मशीनमध्ये मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. हे मला छातीठोक सांगता आलं, कारण या मशीनवर विंडोज ११ चालेल का असं विचारताना मी त्यालाच स्क्रीनचा फोटो पाठवला होता. त्यात "१६.० जीबी" स्पष्ट दिसतंय. मशीन घेतलं तेव्हाच्या बिलावरही दोन पट्ट्या लिहिलेल्या आहेत.

मग एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. डिस्क आजवर किती तास चालली याची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते, ती त्यात दिसते. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. माझ्या 'नवीन' एसएसडीवर होता १४,२१२. म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसात ती दीड वर्षाहून जास्त काळ अखंड चालावी इतका वापर होऊन माझ्या गळ्यात मारली गेली होती. खोका उघडला तर दुरुस्त केलेल्या मदरबोर्डवर धुळीचा थर जसाच्या तसा, आणि खालच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंही शाबूत. ते जाळं पाहून मात्र मला हसू आलं. विंडोजची तऱ्हा अशी की परवान्याशिवाय चालू करण्यासाठी कसलंसं क्रॅक टाकलेलं, आणि ते चालावं म्हणून विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद करून ठेवलेलं.

आता मूळ दुखणं. भाच्याने स्टार्टमध्ये 'एमडीशेड' (mdsched) टाइप करून विंडोजचीच मेमरी चाचणी लावली. मशीन पुन्हा सुरू होऊन चाचणी चालते, आणि काही मिनिटांतच हार्डवेअरमध्ये दोष सापडल्याचं पडद्यावर आलं. पट्टी काढून त्याने तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, कारण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांवर मळ धरतो आणि कित्येकदा तेवढ्याने काम होतं. झालं नाही. मग पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. दोष पट्टीबरोबर तिथेही गेला, म्हणजे खाच, पर्यायाने मदरबोर्ड, ठीक होता. गोळाबेरीज अशी: माझ्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब होती, आणि त्या गृहस्थाने काढून घेतली ती चांगली! खराब पट्टी मात्र बिनपैशांची परत दिली.

रॅममध्ये एक ठेवायचं आणि वाचताना भलतंच यायचं, मग प्रोग्राम मेमरीतल्या भलत्याच पत्त्यावर हात घालायला जातो आणि विंडोज त्याला बंद करतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज आणि त्यात अ‍ॅप्लिकेशन उघडलं की अशा प्रत्येक वेळेची नोंद क्रमांक १००० खाली मिळते, बहुधा 0xc0000005 या संकेतांकासह. हा संकेतांक एकट्या रॅमचा नाही, सॉफ्टवेअर बिघडलं तरी येतो. पण बंद पडणारा प्रोग्राम दरवेळी एकच असेल तर दोष बहुतेक त्याच्यात किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या अ‍ॅड-इनमध्ये. आज हा, उद्या तो, आणि नोंदीतलं मॉड्यूलचं (कोसळलेल्या भागाचं) नाव दरवेळी वेगळं, असं असेल तर आधी रॅम तपासायची. मशीन फार तापलं किंवा पॉवर सप्लाय कमजोर झाला तर सहसा अख्खं मशीनच बंद पडतं. हे सगळं वाचायला इव्हेंट व्ह्यूअर कंटाळवाणा वाटला तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' (reliability) लिहा. दिवसवार तक्ता येतो, कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दिसतं. दुकानात नेण्याआधी त्याचा फोटो काढा, कारण विंडोज नव्याने टाकलं की हा सगळा पुरावा पुसला जातो. माझा पुसला गेलाच.

खराब रॅमचा आणखी एक ताप म्हणजे त्या काळात सेव्ह केलेल्या फायलीही बिघडू शकतात. नाटकाच्या दुसऱ्या अंकाची एक फाईल उघडतच नाही, ती मी ईमेलवरून जुनी शोधून काढली.

पैशांपेक्षा मला घोर होता तो जुन्या हार्ड डिस्कचा. "खराब जाली, उडयली" (फेकून दिली), असं दुकानदार आधी म्हणाला होता. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या आधारची स्कॅन, आमची बँकेची पत्रं, सगळं. विंडोजला पासवर्ड असला म्हणून काय झालं. डिस्क कूटबद्ध केलेली नसेल तर दुसऱ्या मशीनला जोडून कुणीही फायली वाचतो. घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्याच रात्री बदलले.

भाच्याला घेऊन दुकानात गेले. "पयलींसावन आठच आशिल्ले, वहिनी" (पहिल्यापासून आठच होते), हे पहिलं उत्तर. फोटो दाखवला. मग दोष पोऱ्यावर गेला, जो त्या दिवशी सोयीस्करपणे सुट्टीवर होता. शेवटी काउंटरखालच्या ढिगातून उडवून दिलेली माझी हार्ड डिस्क निघाली. तपासली, ठणठणीत आहे. रॅमबद्दल कानावर हात. "हजार रुपये घ्या आणि विषय संपवा," असं म्हणाला, ते मी घेतले नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हे अठरा टक्क्यांची भीती घालणाऱ्यांना ऐकवायला हरकत नाही. मशीन देताना आत काय काय आहे ते पावतीवर लिहून घ्या, पट्टीवरच्या आणि डिस्कवरच्या क्रमांकांचे फोटो काढा, काढलेला सुटा भाग परत मिळेल असंही लिहून घ्या. यावर जो कुरकुरतो त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

नवी पट्टी भाच्याने बसवली. त्यानंतर एकही प्रोग्राम आपोआप बंद झालेला नाही. आयोगासाठी कागद जुळवले आहेत: जुनं बिल, १६ जीबीचा फोटो, १४,२१२ तासांचा फोटो, आणि ती चिठ्ठी. चिठ्ठीवर त्याने नाव टाकलं नव्हतं, पण पैसे यूपीआयने दिले होते. बँकेच्या नोंदीत त्याचं नाव, तारीख आणि ९,२०० चा आकडा आहे.